मूडीसाहेब आणि शिकागोची मंडळी

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही एका लहानशा गांवच्या मंडळीस भेट देण्यास गेलों होतों. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशक आम्हांस निंबाखालीं घेऊन बसले आणि त्यांनीं आपलें दुःख आम्हांपुढें मांडलें. त्यांच्या मंडळींतील दोन तरुण कामधंद्यासाठीं शहरांत गेले आहेत. तेथें ते कोणत्याहि पंथाशीं न जोडलेल्या एका मोठ्या मंडळीच्या उपासनेस जातात. एका वेळीं हजारों माणसें, भव्य मंदिर, नानाविध वाद्यें, आणि दर रविवारीं नवीं तोंडें. नाताळास गांवीं आले म्हणजे ते सतरंजीवरील तीस माणसांकडे पाहतात आणि गप्प बसतात. त्यांचें तें गप्प बसणें उपदेशकांस फार लागलें होतें. आपल्या हातून कांहीं होत नाहीं, हें काम सोडून द्यावें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. आम्हांस त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र, ज्या पुरुषाच्या हातून अशीच एक मोठी मंडळी उभी राहिली त्याचें चरित्र आम्हीं पुन्हा काढून वाचलें. आणि त्यांतील ज्या गोष्टी त्या दिवशीं निंबाखालीं सांगावयास हव्या होत्या त्या येथें सांगत आहों.

त्या पुरुषाचें नांव ड्वाइट लायमन मूडी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत नॉर्थफील्ड म्हणून एक खेडें आहे. तेथें ५ फेब्रुवारी १८३७ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप एडविन गवंडीकाम करी. १८४१ सालीं तो एकाएकीं मरण पावला, तेव्हां ड्वाइट चार वर्षांचा होता. घरांत सात मुलें होतीं, आणि बाप गेल्यावर महिन्याभरानें आईस जुळें झालें. सावकार आले व जें नेतां येण्याजोगें होतें तें घेऊन गेले; चुलीसाठीं रचून ठेवलेलीं लांकडेंसुद्धां त्यांनीं सोडलीं नाहींत. थंडीचा कडाका असे तेव्हां मुलांनीं शाळेची वेळ होईपर्यंत अंथरुणांतच पडून राहावें, म्हणजे ऊब मिळे. मुलें नातलगांत व शेजाऱ्यांत वांटून टाकावीं असा सल्ला आईस पुष्कळांनीं दिला. तिनें तो ऐकला नाहीं. ह्या बाईचें नांव बेट्सी. गांवच्या मंडळीचे वृद्ध पाळक एव्हरेट ह्यांनीं तिला आधार दिला आणि मुलांस शब्बाथशाळेंत आणविलें. हे पाळक युनिटेरियन मताचे होते, व त्या मताशीं आमचें जमत नाहीं. पण विधवेच्या दारीं प्रथम कोण गेलें हें लिहावयाचें झालें तर त्यांचेंच नांव लिहिलें पाहिजे.

शाळा ड्वाइटला फारशी लाभली नाहीं. शेतावरच्या कामास हात हवे होते. पुढें तो जगप्रसिद्ध झाला तरी त्याचें लिहिणें अशुद्धच राहिलें, आणि बोलणेंहि खेड्याचें राहिलें.

वयाच्या सतराव्या वर्षीं, १८५४ सालीं, तो बॉस्टन शहरीं मामाच्या जोड्यांच्या दुकानांत कामास लागला. मामानें अट घातली कीं दर रविवारीं माउंट व्हर्नन चर्चमध्यें व तेथील शब्बाथशाळेंत गेलें पाहिजे. पहिल्या दिवशीं वर्गांत योहानाचें शुभवर्तमान काढावयास सांगितलें, तेव्हां हा खेडवळ पोर पवित्र शास्त्र उघडून अगदीं आरंभापासून पानें चाळूं लागला. इतर मुलें एकमेकांकडे पाहून हसलीं. शिक्षक एडवर्ड किंबल ह्यांनीं कांहीं न बोलतां आपलें उघडलेलें पुस्तक त्याच्या हातीं दिलें आणि त्याचें आपण घेतलें. ज्यांनीं प्रौढपणीं अक्षरें गिरवून शास्त्र वाचावयास आरंभ केला अशा आमच्या वाचकांस ही लहानशी गोष्ट किती मोठी आहे हें सांगावयास नको.

किंबल रविवारीं धडा देऊन स्वस्थ बसणारे नव्हते. २१ एप्रिल १८५५ रोजीं ते मूडीस भेटावयास दुकानाकडे निघाले. वाटेंत त्यांच्या मनांत आलें कीं कामाच्या वेळीं गेलें तर दुकानांतले लोक पोराची थट्टा करतील. अशा विचारांत ते दुकानावरून पुढें निघून गेले, आणि मग मन घट्ट करून माघारीं फिरले. मूडी दुकानाच्या मागल्या भागांत जोडे बांधून ठेवीत होता. किंबलनीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताची त्याच्यावर किती प्रीति आहे हें दोन शब्दांत सांगितलें. पुढें किंबल स्वतः म्हणत कीं आपलें तें बोलणें अगदींच दुबळें झालें. पण त्या दिवशीं त्या दुकानाच्या मागल्या भागांत मूडीनें आपलें अंतःकरण प्रभूस दिलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्यानें मंडळींत घ्यावें म्हणून अर्ज केला. मंडळीच्या वडिलांनीं परीक्षा घेतली. ख्रिस्तानें तुझ्यासाठीं काय केलें असा प्रश्न विचारला असतां त्याला धड उत्तर देतां येईना. त्याला त्या वर्षीं घेतलें नाहीं. शिकवणीसाठीं ठेवलें, आणि दुसऱ्या वर्षीं, १८५६ सालीं, घेतलें. वडिलांनीं चूक केली असें आम्ही म्हणत नाहीं. तरी ज्याच्या तोंडून पुढें लाखों लोकांनीं सुवार्ता ऐकली तो पहिल्या परीक्षेंत नापास झाला होता, हें बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस तपासतांना आमच्या ध्यानांत असतें.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो शिकागो शहरीं गेला. तें शहर त्या वेळीं नवें व वाढतें होतें, आणि तेथेंहि त्यानें जोड्यांचाच धंदा धरला. आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हें चरित्र सांगावयास घेतलें तिचा येथें आरंभ होतो.

त्या काळीं अमेरिकेंतील पुष्कळ चर्चांत बसण्याचीं बांकें भाड्यानें देण्याची चाल होती. ऐपतदार कुटुंबें वर्षाचें भाडें भरून चांगलीं बांकें घेत. ज्यांच्यापाशीं पैसा नसे ते मागें कोठें तरी बसत किंवा येतच नसत. मंडळीचा खर्च ह्या भाड्यावर चाले, म्हणून ह्यांत कोणास कांहीं वावगें दिसत नसे. मूडीनें प्लिमथ चर्चमध्यें आपल्या पैशानें चार बांकें भाड्यानें घेतलीं. मग रविवारीं सकाळीं तो रस्त्यांवर व बिऱ्हाडांत जाई, बिनओळखीच्या तरुणांस बोलावून आणी, आणि तीं चारहि बांकें भरून टाकी. त्याला सभेंत बोलतां येत नसे. बोलूं लागला म्हणजे लोकांस संकोच वाटे, आणि एकानें तर त्यानें गप्प राहूनच देवाची सेवा करावी असें त्याला सुचविलें. पण माणसें आणणें त्याला येत होतें. एका मिशन शब्बाथशाळेंत त्यानें वर्ग मागितला, तेव्हां तेथें बारा मुलें आणि सोळा शिक्षक आहेत, वर्ग हवा तर स्वतः मुलें आणावीं असें उत्तर मिळालें. पुढल्या रविवारीं तो रस्त्यावरचीं अठरा अनवाणी, मळकीं मुलें घेऊन दारांत उभा राहिला.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत बांकें नाहींत आणि भाडेंहि नाहीं. परंतु सतरंजीच्या पुढल्या भागीं कोणीं बसावें आणि दाराशीं कोणीं, हें पुष्कळ ठिकाणीं न बोलतां ठरलेलें असतें. एकाच तारणाऱ्याचें नांव घेणारे लोक, पण पूर्वीं ज्या वस्तींतून आले ती वस्ती उठतांबसतां दिसते. आम्हीं हें पाहिलें आहे. आणि एका गांवीं पाळक असतांना, मंडळी फुटेल ह्या भयानें, पाहून न पाहिल्यासारखें केलें आहे. तें असो. मूडीची गोष्ट पुढें चालवूं.

शिकागोच्या उत्तर भागीं सरोवराच्या कांठीं सँड्स म्हणजे वाळवंट ह्या नांवाची एक वस्ती होती. दारूचे गुत्ते, जुगार, भांडणें आणि उघडींनागडीं मुलें, असें तिचें रूप होतें. सभ्य लोक तिकडे फिरकत नसत. १८५८ च्या सुमारास मूडीनें तेथें आपली स्वतःची शब्बाथशाळा काढली. जागा मिळाली ती एका सोडून दिलेल्या दारूच्या गुत्त्याची. खुर्च्या नव्हत्या, दिवे पुरेसे नव्हते. खिशांत साखरेचे खडे भरून तो एका लहान तट्टावर बसून वस्तींतून फिरे, आणि मुलें त्याच्या मागें धांवत. जागा पुरेना तेव्हां शाळा नॉर्थ मार्केट हॉल नांवाच्या मोठ्या दालनांत नेली. तेथें शनिवारीं रात्रीं नाच व मद्यपान चाले, म्हणून रविवारीं पहांटे मूडीनें जाऊन बाटल्या उचलाव्या, भुईवर सांडलेली दारू धुऊन काढावी, आणि मग मुलें बसवावीं. झाडणें-पुसणें करण्यास त्यानें दुसरा कोणी ठेविला नाहीं. वर्षाच्या आंत सरासरी साडेसहाशें मुलें येऊं लागलीं आणि साठ शिक्षक आपखुशीनें शिकवूं लागले. जॉन फारवेल नांवाचे मोठे व्यापारी शाळेचे देखरेखकार झाले. २५ नोव्हेंबर १८६० रोजीं, अध्यक्ष म्हणून नुकतेच निवडून आलेले अब्राहाम लिंकन ह्यांनीं ह्या शाळेस भेट दिली.

तरी मूडीचा धंदा चालूच होता आणि जोरांत होता. एक लाख डॉलर जमवावे असा त्याचा मनोरथ होता, आणि सात हजार शिल्लक पडलेहि होते. तो धंदा त्यानें कसा सोडला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याच्या शाळेंत मोठ्या मुलींचा एक वर्ग होता. मुली थिल्लर, कोणास जुमानीत नसत. त्यांचे शिक्षक एके दिवशीं मूडीच्या दुकानीं आले, ते पांढरेफटक पडले होते. छातींतून रक्त पडलें होतें आणि डॉक्टरांनीं शिकागो सोडून घरीं जाण्यास सांगितलें होतें. घरीं जाणें म्हणजे मरावयास जाणें. त्यांस मरणाचें भय नव्हतें. आपल्या वर्गांतील एकाहि मुलीस आपण ख्रिस्ताकडे आणलें नाहीं, हें शल्य होतें. मूडीनें गाडी ठरविली आणि त्यांस हाताला धरून एकेका मुलीच्या घरीं नेलें. शिक्षक अडखळत आपण कां आलों तें सांगत, मग दोघे गुडघे टेकीत. असें दहा दिवस चाललें. शेवटच्या मुलीनेंहि आपलें मन प्रभूस दिल्यावर, निघण्याच्या आदल्या रात्रीं सर्व वर्ग प्रार्थनेस जमला, आणि ज्या मुली पूर्वीं हंसण्याशिवाय कांहीं करीत नसत त्यांनीं एकामागून एक आपल्या मरणोन्मुख शिक्षकासाठीं प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्या सर्वजणी कोणी न सांगतां आगगाडीच्या स्टेशनावर जमल्या होत्या.

त्या दहा दिवसांनंतर मूडीस दुकानांत गोडी वाटेना. १८६० च्या सुमारास त्यांनीं धंदा सोडला. (येथून आम्ही त्यांस मूडीसाहेब म्हणूं.) पगार देणारें मिशन पाठीशीं नव्हतें. कित्येक रात्री ते तरुण ख्रिस्ती संघाच्या सभागृहांतील बांकांवर निजले. १८६२ सालीं त्यांचें एमा रेव्हेल ह्यांच्याशीं लग्न झालें. एमाबाई शांत, शिकलेल्या, व नवऱ्याचें पत्रलेखन सांभाळणाऱ्या होत्या; त्यांच्यावांचून हें काम चाललें नसतें असें आमचें मत आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं मूडीसाहेब छावण्यांत जखमी शिपायांची सेवा करीत फिरले.

आतां शाळेची मंडळी कशी झाली तें पाहूं. वेगळी मंडळी काढावी असें मूडीसाहेबांच्या मनांत नव्हतें. शाळेंतील मुलें मोठीं झालीं, त्यांच्यांतील पुष्कळांनीं व त्यांच्या आईबापांनीं प्रभूचा स्वीकार केला, म्हणजे ते त्यांस शहरांतील जवळच्या चर्चांकडे पाठवीत. पण हे लोक तेथें जाऊन परत येत. तेथें त्यांस कोणी हांकून देत नसे. पण त्यांच्या कपड्यांकडे पाहिलें जाई. निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांत त्यांस परकें वाटे, आणि ज्या घरांत आपण जन्मलों तेंच घर हवें असा त्यांचा हट्ट पडला. म्हणून १८६४ सालीं इलिनॉय रस्त्यावर सुमारे पंधराशें माणसें बसतील असें मंदिर बांधलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मंडळी रीतसर स्थापन झाली. ती कोणत्याहि पंथाला जोडली नाहीं. ख्रिस्तावरील विश्वास एवढीच तिची वेस. एकाहि बांकाला भाडें नव्हतें, आणि परक्यांस व गरिबांस येथें सदा आदर आहे अशा अर्थाची पाटी बाहेर लावली होती. मूडीसाहेबांस दीक्षा कधींच मिळाली नाहीं व त्यांनीं ती मागितलीहि नाहीं. पाळक दुसरे नेमले आणि आपण त्यांच्या हाताखालीं डीकन राहिले. रविवारींच नव्हे, आठवड्याच्या बहुतेक रात्रीं तेथें कांहीं ना कांहीं सभा असे: प्रार्थना, शास्त्राचा अभ्यास, आयांची सभा, तरुणांची सभा. एका वर्षाच्या पहिल्या दिवशीं मूडीसाहेबांनीं सोबत्यांसह दोनशें घरीं भेट दिली असें सांगतात. जिने धांवत चढावे, विचारपूस करावी, गुडघे टेकून थोडकी प्रार्थना करावी, आणि पुढें. आम्हां पाळकांस वर्षाकांठीं दोनशें भेटी होत नाहींत.

ह्या मंडळींत एक मोठा पालट १८६८ सालीं झाला. इंग्लंडाहून हेन्री मूरहाउस नांवाचा एक तरुण उपदेशक शिकागोस आला. दिसावयास अगदीं पोरगेला. मूडीसाहेबांस त्याच्याविषयीं भरंवसा नव्हता, आणि ते स्वतः परगांवीं जावयाचे होते, म्हणून एक-दोन रात्रीं त्यास बोलूं द्या असें सांगून गेले. परत आल्यावर एमाबाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, लोकांस फार आवडला, पण तो तुमच्याहून वेगळें सांगतो. देव पाप्यांवर प्रीति करतो असें सांगतो. मूडीसाहेबांस हें रुचलें नाहीं, कारण देव पाप्याच्या पाठीस तरवार घेऊन लागला आहे असेंच ते तोंवर सांगत आले होते. ते ऐकावयास बसले. मूरहाउसनें सात रात्री एकाच वचनावर, योहानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या ओवीवर, उपदेश केला. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शास्त्राचें पान न् पान उलटून त्यानें देवाची प्रीति दाखविली. मूडीसाहेबांच्या डोळ्यांस खळ राहिला नाहीं. त्या दिवसापासून त्यांचा उपदेश बदलला. देवाच्या प्रीतीविषयींचें लहानसें वचन गॅसच्या दिव्यांच्या अक्षरांत त्यांनीं व्यासपीठाच्या वर लावलें, म्हणजे रात्रीं दारावरून जाणाऱ्यासहि तें वाचतां यावें.

१८७१ सालच्या ८ ऑक्टोबरची रविवारची रात्र मात्र त्यांच्या काळजावर शेवटपर्यंत डागासारखी राहिली. फारवेल हॉल माणसांनीं भरला होता. पिलातानें येशूचें काय करूं म्हणून लोकांस विचारलें त्या प्रसंगावर मूडीसाहेब बोलले. शेवटीं त्यांनीं श्रोत्यांस सांगितलें कीं हा प्रश्न घरीं घेऊन जा, आठवडाभर विचार करा, आणि पुढल्या रविवारीं या, म्हणजे निर्णय करूं. त्यांचे सोबती आयरा सँकी ह्यांनीं गीत म्हटलें, आणि तें चालू असतांच रस्त्यावर आगीच्या बंबांचा व घंटांचा आवाज येऊं लागला. वाऱ्यानें ती आग शहरभर नेली. दोन दिवसांत सतरा हजारांवर इमारती जळाल्या, सुमारे एक लाख लोक बेघर झाले, आणि तीनशेंच्या आसपास माणसें मेलीं. फारवेल हॉल गेला, इलिनॉय रस्त्यावरचें मंदिर गेलें, मूडीसाहेबांचें घरहि गेलें. मुलांस शेजाऱ्यांबरोबर पुढें पाठवून नवराबायको हातीं लागलें तेवढें घेऊन बाहेर पडलीं. घराविषयीं मूडीसाहेब फारसें बोलत नसत. पण ती सभा पुन्हा कधीं भरली नाहीं. त्या रात्रीं समोर बसलेल्या लोकांस त्यांनीं आठ दिवसांचा वायदा दिला होता, आणि त्यांतील कित्येकांस ते पुन्हा पाहूं शकले नाहींत. निर्णय पुढें ढकलण्यास कोणास सांगण्याची चूक त्यांनीं त्यानंतर केली नाहीं.

राख निवते न निवते तोंच लांकडी मंडप उभारून २४ डिसेंबर १८७१ रोजीं तो उपासनेस अर्पण केला. भोंवतीं मैलोगणती जळकी जमीन, आणि मध्यें हा एक मंडप. येथून अन्नवस्त्र वांटलें जाई आणि येथेंच उपासना होई. पक्क्या मंदिरासाठीं हजारों शब्बाथशाळांच्या मुलांनीं पांच-पांच सेंट देऊन एकेक वीट आपल्या नांवानें घातली. तरी पैसा अपुरा पडून काम अर्धवट राहिलें.

तें पुरें कसें झालें ह्याला आणखी एक कथा आहे. १८७३ च्या जून महिन्यांत मूडी व सँकी इंग्लंडास गेले. ज्यांनीं बोलावलें होतें ते गृहस्थ मरण पावले होते. उतरून घेण्यास कोणी नव्हतें. यॉर्क शहरीं अगदीं थोड्या श्रोत्यांपुढें आरंभ झाला. दोन वर्षांनीं लंडनांत चार महिने सभा झाल्या तेव्हां हजेऱ्यांची बेरीज पंचवीस लाखांवर गेली. (एकच मनुष्य दहा वेळां आला तर दहा मोजला जातो, हें अशा आंकड्यांच्या वेळीं विसरूं नये. मूडीसाहेब स्वतः तर तारण पावलेल्यांची मोजदाद ठेवण्यास नाखूष असत.) उपदेश संपल्यावर लोकांस दुसऱ्या खोलींत बोलावून, शास्त्र उघडून एकेकाशीं बोलत. खरें काम तेथें होतें असें ते मानीत; किंबल जोड्यांच्या दुकानांत जें करावयास गेले तेंच हें. सँकी लहानशा पेटीवर स्वतः वाजवून साध्या चालीचीं गीतें गात. स्कॉटलंडांतील जुन्या मंडळींस उपासनेंत वाद्य म्हणजे विटाळ वाटे. पण तींच गीतें मग लोकांच्या तोंडीं बसलीं. आमच्या उपासनांत पेटीवर म्हटल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य चालींतहि सँकींच्या संग्रहांतल्या कांहीं आहेत. ह्या गीतांच्या पुस्तकाचा नफा दोघांनीं घेतला नाहीं. लंडनच्या कमिटीनें त्यांतील सुमारे सात हजार पौंड शिकागोस पाठविले, आणि १८७६ सालीं शिकागो अॅव्हेन्यूवरील मंदिर कर्जावांचून पुरें झालें.

त्याच १८७६ सालीं जें घडलें तें आम्हांस वगळतां येत नाहीं. मूडीसाहेब दक्षिणेंत जॉर्जिया प्रांतीं ऑगस्टा शहरीं सभा घेण्यास गेले. गुलामगिरी कायद्यानें मोडून अकरा वर्षें झालीं होतीं. आरंभीं गोरे व काळे लोक एकत्र बसूं लागले, तेव्हां तेथील गोऱ्यांनीं हरकत घेतली, आणि दोहोंच्या मध्यें कठडा घातला. मूडीसाहेबांस तो आवडला नाहीं. पण गांवच्या लोकांचा आग्रह पडल्यावर ते नमले. त्यानंतर पुष्कळ वर्षें दक्षिणेंतील त्यांच्या सभांत काळ्या लोकांस वेगळें बसविलें जाई किंवा त्यांची सभाच वेगळी होई. गुलामगिरींत जन्मलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस ह्यांनीं, आणि पुढें आयडा वेल्सबाईंनीं, ह्याबद्दल मूडीसाहेबांस उघडपणें दोष दिला. कोणी म्हणतात, सुवार्ता अडूं नये म्हणून त्यांनीं तें सोसलें. आम्हांस तें पटत नाहीं. गोऱ्यांची सुवार्ता अडली नाहीं हें खरें. पण कठड्याच्या पलीकडे बसलेल्यानें त्या दिवशीं कोणती सुवार्ता ऐकली? ज्या माणसानें आपल्या पैशानें बांकें घेऊन त्यांवर फाटक्या कपड्यांचे लोक बसविले, त्यालाच कठडा उपटून टाकण्याचें धैर्य झालें नाहीं. त्यांनीं चालविलेल्या शाळांत पुढें काळ्या व तांबड्या लोकांच्या मुलांस जागा होती, हें त्यांच्या बाजूस लिहिलें पाहिजे. पण त्यानें ऑगस्टा पुसली जात नाहीं. हें लिहितांना आमचें स्वतःचें तें गांव आमच्या डोळ्यांपुढें आहे. मंडळी फुटेल असें आम्हीं म्हटलें होतें. दाराशीं बसणारीं तीन कुटुंबें पुढें येईनाशीं झालीं, आणि मंडळी फुटली असें मात्र कोणीं म्हटलें नाहीं.

मूडीसाहेब पुढें नॉर्थफील्ड गांवीं येऊन राहिले. स्वतःस शाळा लाभली नाहीं म्हणून कीं काय, त्यांनीं गरिबांच्या मुलींसाठीं १८७९ सालीं तेथें आणि मुलांसाठीं १८८१ सालीं जवळच माउंट हर्मन येथें शाळा काढल्या. माउंट हर्मन येथें १८८६ च्या उन्हाळ्यांत २५१ विद्यार्थी शास्त्राभ्यासासाठीं जमले. त्यांत रॉबर्ट वाइल्डर नांवाचा एक तरुण होता. ह्याचा जन्म १८६३ सालीं आमच्या कोल्हापुरांत झाला. त्याचे वडील रॉयल वाइल्डर ह्यांनीं १८५२ सालीं कोल्हापूरच्या मिशनचा पाया घातला होता. रॉबर्ट व त्याची बहीण ग्रेस हीं घरीं बसून तरुण लोक परदेशीं सेवेस निघावे म्हणून प्रार्थना करीत असत. सभा संपली तेव्हां शंभर विद्यार्थ्यांनीं मिशनसेवेसाठीं आपलीं नांवें दिलीं होतीं. ह्यांतून जी चळवळ निघाली तिच्या द्वारें हजारों तरुण जगभर गेले. मूडीसाहेबांनीं ही गोष्ट योजिली नव्हती. त्यांनीं जागा दिली होती. ग्रेसबाई हिंदुस्थानांत परत आल्या आणि त्यांनीं कोल्हापुराकडे काम केलें.

शिकागोस त्यांनीं १८८९ सालीं शास्त्र शिकविण्याची संस्था चालू केली, आणि जे लोक पदवीधर पाळक व साधे सभासद ह्यांच्या मध्यें उभे राहून काम करतील असे स्त्रीपुरुष तयार करूं लागले. आमच्या उपदेशकांस व बायबल बायांस हें वर्णन ओळखीचें वाटेल. मंडळीचें नांव त्यांच्या मागें मूडी चर्च पडलें. तिनें १९२५ सालीं बांधलेल्या मंदिरांत साडेतीन हजारांवर लोक बसतात, आणि आजहि ती कोणत्या पंथाला जोडलेली नाहीं.

१८९९ च्या नोव्हेंबरांत कॅन्सस सिटी येथें उपदेश करीत असतांना त्यांचें हृदय थकलें. आगगाडीनें घरीं आणिलें, आणि २२ डिसेंबर रोजीं नॉर्थफील्ड येथें ते प्रभूमध्यें निजले. माउंट हर्मनच्या बत्तीस विद्यार्थ्यांनीं त्यांस खांद्यावर वाहून नेलें. घराजवळ राउंड टॉप म्हणून एक लहानशी टेकडी आहे, तेथें त्यांस पुरलें. उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळीं ते तेथें सभा भरवीत. टेकडीवर मंदिर नव्हतें आणि बांकें नव्हतीं; जो येई तो गवतावर बसे. १९०३ सालीं एमाबाईंसहि तेथेंच त्यांच्या शेजारीं ठेविलें.